पंचाक्षरी गवई आणि ‘असूनही’ हा शब्द

माघ महिन्यात आमच्या जोयडा तालुक्यातल्या उळवीला चन्नबसवेश्वरांची जत्रा भरते. धारवाड, बेळगाव, गदग अशा लांबलांबच्या गावांतून सजवलेल्या बैलगाड्या जंगलातली वाट चढून येतात. रस्त्यात मुक्काम पडला की पेटी-तबला निघतो आणि भजनं, वचनं सुरू होतात. या गाणाऱ्यांना गदगच्या पंचाक्षरी गवयांची ओळख करून द्यावी लागत नाही. उत्तर कर्नाटकात ते ‘गानयोगी’ म्हणूनच ओळखले जातात. १९९५ साली त्यांच्यावर कन्नड चित्रपट निघाला आणि त्याच्या संगीतासाठी हंसलेखा यांना, तर गायनासाठी एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आपल्या मराठी वाचकाला पंडित बसवराज राजगुरू ठाऊक असतात, त्यांच्या नाट्यपदांच्या आणि ख्यालांच्या ध्वनिफिती घरोघरी होत्या. राजगुरूंना घडवलं ते याच पंचाक्षरी गवयांनी.

शाळेत असा माणूस भेटतो तो बहुधा एका वाक्यात. परिपाठाच्या वेळी कुणीतरी उभं राहून सांगतं, की अंध असूनही ते थोर गायक झाले. सगळे टाळ्या वाजवतात, मग राष्ट्रगीत होतं आणि पहिला तास सुरू होतो. मला या वाक्यातला ‘असूनही’ हा शब्द खटकतो. तो एका माणसाचं सगळं आयुष्य त्याच्या डोळ्यांशी झालेली कुस्ती करून टाकतो. त्या आयुष्यात कोण आलं, कुणी शिकवलं, जेवण कुठून आलं, पैसा कुठून आला, हे काहीच त्यात उरत नाही. म्हणून हा शब्द बाजूला ठेवून पंचाक्षरींचं आयुष्य सांगून पाहायचं आहे.

त्यांचा जन्म २ फेब्रुवारी १८९२ चा. गाव काडशेट्टीहळ्ळी, तालुका हानगल. तेव्हा हा भाग धारवाड जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात होता. आज तो हावेरी जिल्ह्यात येतो आणि आपल्या उत्तर कन्नडच्या शिरसी-मुंडगोडला अगदी लागून आहे. वडील गुरुपादय्या चरंतीमठ, आई नीलम्मा. मुलाचं नाव गदिगेय्या. तो जन्मापासून अंध होता. त्याचा भाऊ गुरुबसय्या, तोही अंध. एकाच घरात दोन मुलं दृष्टीशिवाय वाढत होती.

त्या काळात अशा मुलापुढे काय होतं, याचा विचार केला पाहिजे. शाळा नव्हती असं म्हणून चालणार नाही, कारण देशात शाळा सुरू झाल्या होत्या. मुंबईत तिथले तेव्हाचे कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. ती भारतातल्या पहिल्या अशा शाळांपैकी एक. १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधांसाठी शाळा काढली. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. दुष्काळात उघड्यावर पडलेली मुलं तेव्हा मिशनच्या दारात येत होती. पॅरिसमध्ये तर लुई ब्रेलची सहा ठिपक्यांची लिपी १८२९ मध्येच छापून झाली होती. म्हणजे अंध मुलाला शिकवता येतं, ही गोष्ट जगाला माहीत होती. फक्त ती हानगलच्या खेड्यापर्यंत पोचली नव्हती. मुंबई किंवा अमृतसर ही त्या घराला परदेशासारखीच होती.

खेड्यात पोचलेली होती ती दुसरी गोष्ट. मूल अंध जन्मलं म्हणजे कुणाचं तरी पाप असणार, ही समजूत. ती फक्त आपल्याकडेच होती असं नाही. योहानच्या शुभवर्तमानात येशूचे शिष्य एका जन्मांध माणसाकडे पाहून हाच प्रश्न विचारतात, की पाप याचं की याच्या आईवडिलांचं. येशू सांगतो, दोघांचंही नाही. आम्ही चर्चमध्ये हा उतारा दर काही वर्षांनी ऐकतो आणि पुढचा चमत्कार लक्षात ठेवतो. पण त्याआधी त्या प्रश्नालाच नकार दिला आहे, तो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोष कुणाचा हे शोधणं थांबलं, की मग आता काय करायचं हा प्रश्न सुरू होऊ शकतो.

काडशेट्टीहळ्ळीच्या या दोन भावांच्या बाबतीत तो प्रश्न हानगलच्या कुमारस्वामींनी हातात घेतला. कुमारस्वामी (१८६७ ते १९३०) हे वीरशैव परंपरेतले विरक्त संन्यासी. १९०९ मध्ये त्यांनी बदामीजवळ मलप्रभेच्या काठी शिवयोगमंदिर ही संस्था स्थापन केली, तिथे तरुण साधकांना शिक्षण दिलं जाई. या दोन मुलांचा गळा चांगला आहे, हे त्यांच्या कानावर आलं. मुलांना आशीर्वाद देऊन, चार पैसे हातावर ठेवून त्यांना पुढे जाता आलं असतं. तसं करणारे पुष्कळ भेटतात. कुमारस्वामींनी मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. गुरू शोधले, राहण्या-जेवण्याची सोय लावली. गळा देवाचा, पण ही सोय माणसाने केली. ‘असूनही’ या शब्दाखाली हीच सोय सगळ्यात आधी गाडली जाते.

गुरुबसय्या फार जगला नाही. गदिगेय्या शिकत राहिला आणि पुढे पंचाक्षरी म्हणून ओळखला जाऊ लागला. आधी तो कर्नाटक संगीत शिकला, त्यासाठी काही वर्षं म्हैसूरला राहिला. मग हिंदुस्थानी संगीताकडे वळला आणि इथे आपल्या मराठी मुलखाशी त्याचा संबंध येतो. त्याचे गुरू होते मिरजेचे नीलकंठबुवा आळूरमठ. मल्लिकार्जुन मन्सूर ज्यांच्याकडे सुरुवातीला शिकले तेच हे नीलकंठबुवा. त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली.

बाळकृष्णबुवांचंच नाव निघालं आहे तर त्यांच्या आणखी एका शिष्याची आठवण करायला हवी. विष्णु दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेल्या या मुलाच्या डोळ्यांना लहानपणी शोभेच्या दारूमुळे इजा झाली. पुस्तकी शिक्षण अवघड झालं, म्हणून त्याला मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला ठेवलं. पुढे त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाण्याला वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आणि लिहिण्याची पद्धत दिली. पलुस्करांचं नाव आपल्याला माहीत असतं, पण त्यांची दृष्टी अधू होती हे किती जणांना माहीत असतं? चरित्रात ती एका अपघाताची ओळ बनून जाते. म्हणजे शाळेत अपंगांचा इतिहास दोन प्रकारे हरवतो. पंचाक्षरींच्या गोष्टीत अंधत्वाशिवाय दुसरं काही शिल्लक ठेवत नाहीत आणि पलुस्करांच्या गोष्टीत ते पुसूनच टाकतात.

पंचाक्षरींच्या गुरूंमध्ये किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचंही नाव सांगतात. वहीद खाँना ऐकायला कमी येत असे, इतकं की लोक त्यांना ‘बहरे वहीद खाँ’ म्हणूनच ओळखायचे. आणि तरीही... बघा, इथे माझ्याही लेखणीतून तोच ‘तरीही’ येऊ पाहतो. सरळ सांगायचं तर वहीद खाँ यांचा संथ, एकेक सूर निरखत जाणारा आलाप पुढच्या कितीतरी गायकांनी उचलला आणि त्यांना ऐकू कमी येत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. त्यांना जोडायला मध्ये ‘तरीही’ लागतोच असं नाही.

डोळ्यांशिवाय गाणं शिकायचं म्हणजे नेमकं काय, हे थोडं उलगडून सांगितलं पाहिजे, कारण वर्गात हेच कुणी सांगत नाही. आपलं संगीत मुळात गुरुमुखातून येणारं. गुरू गातो, शिष्य ऐकतो आणि परत गातो. बंदिश, तिचे बोल, रागाचं चलन, तालाच्या मात्रा, हे सगळं कानातून आत जातं आणि स्मरणात बसतं. तबल्यावर बोट कुठे पडायचं हे गुरू शिष्याचा हात धरून दाखवू शकतो. तंबोरा जुळवायचा तो कानानेच, डोळ्यांचा तिथे उपयोग नसतो. म्हणजे हिंदुस्थानी संगीताची शिकवणी अंध मुलासाठी आधीपासूनच मोकळी होती. त्यात काही बदल करावा लागला नाही. पाटी-पेन्सिलीची शाळा मात्र त्याच मुलाला बंद होती, कारण तिथे फळ्यावर लिहिलेलं वाचावं लागत होतं. मूल तेच आणि डोळेही तेच. एका ठिकाणी ते हुशार ठरतं आणि दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी. अडचण मुलात किती आणि शिकवण्याच्या पद्धतीत किती, हा प्रश्न इतक्या सोप्या उदाहरणातून पाचवीच्या मुलालाही कळेल.

पंचाक्षरी हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही पद्धतींत तयार झाले. गाणं तर होतंच, वाद्यंही त्यांना येत होती. दरबारात किंवा मोठ्या शहरात जाऊन नाव कमवण्याचा रस्ता त्यांच्यासमोर होता. त्यांनी ब्रह्मचर्य पत्करलं आणि शिकवायला सुरुवात केली. गरीब मुलं, अनाथ मुलं आणि अंध मुलं त्यांच्याकडे येऊ लागली. कुमारस्वामींनी त्यांच्यासाठी जे केलं होतं, तेच ते आता कित्येकांसाठी करू लागले.

ही शाळा कित्येक वर्षं एका जागी नव्हती. ती फिरती होती. गुरू आणि शिष्यांचा सगळा गोतावळा गावोगाव जाई. एखाद्या मठात किंवा गावकऱ्यांनी दिलेल्या जागेत मुक्काम, तिथेच रियाज, तिथेच कार्यक्रम, तिथेच पंगत. आज आपण मुलाला शाळेपर्यंत कसं आणायचं यावर बैठका घेतो. जोयड्यात तर हा रोजचा प्रश्न आहे. वाड्या जंगलात विखुरलेल्या, पावसाळ्यात ओढे भरलेले, एस.टी. ठरावीक वेळेला एखादी. धडधाकट मुलाची इथे दमछाक होते, मग कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलाचं काय! पंचाक्षरींची शाळा रस्त्यावर होती आणि वाटेतली मुलं तिला येऊन मिळत होती. हा आदर्श उपाय होता असं मी म्हणत नाही. फिरत्या आयुष्यात आजारपण, उपास, उन्हातान्हाचे हाल आलेच. पण मुलाने शाळेपर्यंत पोचायचं की शाळेने मुलापर्यंत, हा प्रश्न त्या बिऱ्हाडाने आपल्या पायांनी विचारला होता.

इतक्या मुलांना खायला काय घालायचं? सरकारी अनुदान नव्हतं. लोकांकडून मिळणारं धान्य आणि दक्षिणा यावर किती दिवस भागणार? म्हणून पंचाक्षरींनी नाटक कंपनी काढली आणि तिला गुरू कुमारेश्वरांचं नाव दिलं. तो काळ संगीत नाटकांचा होता. महाराष्ट्रात बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी गाजत होती आणि उत्तर कर्नाटकातही कंपन्यांचे तंबू गावोगाव पडत होते. नाटकाच्या उत्पन्नातून आश्रमातल्या मुलांचं पोट भरायचं, अशी ही योजना. धंदा बेभरवशाचा. एखादा पाऊस पडला की तंबू रिकामा. पण इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की या मुलांना गाऊन भीक मागायला पाठवलं नाही. रंगमंच, वाद्यं, तालीम, तिकीट, असा तो व्यवसाय होता. प्रेक्षक पैसे देत होते ते नाटकाचे.

आश्रमात फक्त अंध मुलं होती असंही नाही. बसवराज राजगुरू डोळस होते. १९१७ मध्ये धारवाड जिल्ह्यात यलिवाळला जन्मलेला हा मुलगा किशोरवयात पंचाक्षरींकडे आला. अर्जुनसा नाकोड हेही त्यांचेच शिष्य. दिसणारी आणि न दिसणारी मुलं एका सतरंजीवर बसून एका गुरूकडे शिकत होती आणि त्या गुरूला दिसत नव्हतं. ‘समावेशक शिक्षण’ हा शब्द आज आपण बी.एड.च्या पुस्तकात वाचतो. त्यात बहुतेक वेळा कल्पना अशी असते, की सामान्य मुलांच्या वर्गात एका अपंग मुलाला बसायला जागा द्यायची. इथे उलटं होतं. वर्ग अंध गुरूचा होता आणि डोळस मुलं त्यात सामील झाली होती.

१९३६ साली हंपीला विजयनगर साम्राज्याच्या स्थापनेची सहाशे वर्षं साजरी झाली. त्या मोठ्या सोहळ्यात विशीच्या आतल्या बसवराज राजगुरूंनी गायलं आणि तबल्याच्या साथीला बसले होते स्वतः पंचाक्षरी. संगीतात साथीदाराची जागा गायकाच्या बाजूची, थोडी मागची मानली जाते. गुरूने शिष्यासाठी ती जागा घेतली. एवढ्या गर्दीसमोर पहिल्यांदा गाणाऱ्या मुलाला ओळखीच्या हातांचा ठेका मिळाला, तर त्याचा श्वास स्थिर होतो, हे त्या गुरूला कळत होतं. आंधळ्याला आधार द्यावा असं आपल्याला शिकवलेलं असतं. इथे आधार कोण कुणाला देत होतं?

दुसरे शिष्य पुट्टराज. ३ मार्च १९१४ चा जन्म, हानगल तालुक्यातलाच. अगदी तान्हेपणी त्यांची दृष्टी गेली. पंचाक्षरींनी त्यांना सांभाळलं, दोन्ही पद्धतींचं संगीत शिकवलं, कितीतरी वाद्यं त्यांच्या हातात दिली. पुढे पुट्टराजांनी कन्नड, हिंदी आणि संस्कृत अशा तीन भाषांत ग्रंथरचना केली आणि ब्रेलमध्ये भगवद्गीता तयार केली. गुरूच्या काळात हे शक्य नव्हतं. भारतीय भाषांसाठी ब्रेल लिपी आली होती, पण एक नव्हती. वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळे आराखडे चालत. सगळ्या भाषांना मिळून एक ‘भारती ब्रेल’ ठरली ती १९५१ मध्ये. पंचाक्षरींची सगळी शाळा कानावर आणि आठवणीवर चालली, तर त्यांच्या शिष्याच्या बोटांना अक्षरं मिळाली. दोघेही बुद्धिमान होते. मधल्या काळात बदललं होतं ते साधन.

आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत ही फिरती शाळा गदगला स्थिरावली. तिथल्या एका दानशूर माणसाने जागा दिली आणि वीरेश्वर पुण्याश्रम उभा राहिला. आपल्या माणसांना कायमचं छप्पर मिळालेलं पंचाक्षरींनी पाहिलं, पण त्याखाली ते फार दिवस राहिले नाहीत. ११ जून १९४४ रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं बावन्न.

एका माणसाच्या भोवती उभी राहिलेली संस्था त्याच्या मागे बहुधा कोसळते. पुण्याश्रम कोसळला नाही. पुट्टराज गवयांनी तो हाती घेतला आणि २०१० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, म्हणजे सहा दशकांहून जास्त काळ सांभाळला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. बसवराज राजगुरूंना १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं. पण पुरस्कारांपेक्षा मला दुसरा हिशोब महत्त्वाचा वाटतो. आश्रमातून शिकून गेलेली मुलं कुठे संगीत शिक्षक झाली, कुठे कीर्तनकार, कुठे आकाशवाणीवर गायली, कुठे गावातल्या देवळात पेटीवर बसली. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात येणार नाहीत. पण त्यांच्या घरात चूल पेटली ती त्यांच्या कमाईवर.

आता एक अडचण मान्य केली पाहिजे, नाहीतर हे चरित्र आरतीसारखं होईल. पंचाक्षरींची गोष्ट ऐकून लोकांच्या मनात एक समीकरण पक्कं होतं, की अंध माणूस म्हणजे गाणारा माणूस. प्रत्येक अंध मुलाला गाता येत नाही आणि ज्याला गणित आवडतं त्याच्या हातात पेटी देणं म्हणजे त्याचा रस्ता अडवणंच. पंचाक्षरींच्या काळात संगीताचं एकच दार उघडं होतं, म्हणून त्यांनी ते जास्तीत जास्त मुलांसाठी उघडं धरलं. आज स्क्रीन रीडर आहे, ब्रेल पुस्तकं आहेत, परीक्षेला लेखनिक मिळतो. आज त्या एकाच दारावर थांबलो तर त्यांच्याकडून आपण काही शिकलो नाही असं होईल. तसंच ते संन्यासी होते. शिष्यांसाठी सगळं सोडणारा माणूस शंभर वर्षांत एखादा भेटतो. त्याच्या भरवशावर जोयड्यातल्या मुलांचं शिक्षण सोडता येत नाही. त्यासाठी कायदा लागतो.

तो कायदा आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस आहेत. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात, शाळा-कॉलेजांत या विषयाची जाणीव द्यावी आणि अपंग व्यक्तींचे हक्क अभ्यासक्रमात यावेत, असंही म्हटलं आहे. पण जाणीव द्यायची म्हणजे काय करायचं, हा प्रश्न उरतोच. ३ डिसेंबर हा अपंग व्यक्तींसाठीचा जागतिक दिवस. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधून पाच मिनिटं चालायला लावतात. मुलं धडपडतात, घाबरतात आणि पट्टी सुटल्यावर देवाचे आभार मानतात. त्यातून त्यांना कळतो तो अंधार. अंध माणूस कळत नाही. अंध माणूस पाच मिनिटांचा नवशिका नसतो. हंपीच्या गर्दीत ठेका धरणारा माणूस पट्टी बांधून समजणार नाही.

आणि आपली भाषा? व्याकरणाच्या तासाला आपण म्हणी पाठ करतो. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. वासरात लंगडी गाय शहाणी. परीक्षेत एकेक गुण मिळतो. वर्गात एखादी लंगडत चालणारी मुलगी बसलेली असेल तर तीही तो गुण मिळवण्यासाठी हीच म्हण लिहिते. म्हणी पुस्तकातून काढून टाका असं मी म्हणणार नाही, भाषेचा तो इतिहासच आहे. पण म्हण शिकवताना एवढं तरी विचारता येईल, की दळणाऱ्याला दिसत नव्हतं, हे खरं. मग कुत्रं हाकलायला त्या घरात दुसरं कुणीच कसं नव्हतं? हा प्रश्न भाषेच्या तासाचाही आहे आणि नागरिकशास्त्राचाही.

आमच्या तालुक्यात घरी कोकणी, शाळेत कन्नड किंवा मराठी, बाजारात तिन्ही अशी मुलं वाढतात. पंचाक्षरींची गोष्ट त्यांना सहज कळेल अशी आहे. हानगल इथून लांब नाही, गदगच्या गाड्या उळवीला येतात आणि मिरजेची गायकी मराठी मुलखातून आलेली. ती सांगायला वेगळं पुस्तक लागत नाही, एक तास पुरतो. गोष्ट झाल्यावर मुलांना विचारावं, की या मुलाला शिकायला कोणी मदत केली, त्यांची यादी करा. यादीत कुमारस्वामी येतील, म्हैसूरचे गुरू येतील, नीलकंठबुवा येतील, जागा देणारा माणूस येईल, नाटकाचं तिकीट काढणारे अनोळखी लोकही येतील. मग दुसरी यादी करायला सांगावी, की आपल्या शाळेत उद्या असं मूल आलं तर त्या जागी कोण कोण असेल. पहिली यादी मुलं भराभर करतील. दुसरीला वेळ लागेल आणि शिक्षकांनी तो वेळ द्यावा.

परिपाठाचं वाक्यही मग बदलता येईल. थोडं लांब होईल, पण मुलं लक्षात ठेवतील. पंचाक्षरी गवई अंध होते, त्यांना चांगले गुरू मिळाले, त्यांना शिकवण्याची सोय एका माणसाने केली, आणि तीच सोय त्यांनी पुढे शेकडो मुलांसाठी केली.